टर्बो कोणता बसवावा

पांढुर्णा, ३ नोव्हेंबर २०२४

ती. गुणवंतामामांना ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. आम्हा भावाबहिणीचं गॅरेज बरं चालून राहिलं. डिसेंबरच्या रेसमध्ये अंकुर आपली गाडी पळवणार. इंजिन मागंच सुधारलं, आतले कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा जोर पुढं नेणारे दांडे, मात्र जुने, कंपनीचेच आहेत. आता टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बदलायचा आहे. मी म्हणते मधला, त्याला सर्वांत मोठाच पाहिजे. रोज भांडण! शेवटी ठरलं, तुम्ही तीस वर्षं इंजिनं उघडली, तुमचा शब्द दोघंबी मानू.

मामींना नमस्कार. माया आहेच, ती वाढावी.

तुमची ऋतुजा

सौंसर, ८ नोव्हेंबर

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता हातातला चहा सांडला. अवो बाई, जुन्या रॉडवर एवढा मोठा टर्बो? तो आधी झोपल्यासारखा राहते अन् मग सारा जोर एकदम टाकते. रॉड मोडलाच समज! मधलाच बसवा. तुझी मामी जामसावळीला जाऊन आली, प्रसाद पाठवते. दोघंही सुखानं राहा.

तुझा मामा

पांढुर्णा, २५ नोव्हेंबर

ती. मामांना सा. न.

तुमचं पत्र आलं तेव्हा गॅरेजमध्ये अंकुर एकटाच होता, त्यानंच ते घेतलं. मला म्हणाला, मामा मोठाच बसवा म्हणतात. मी पत्र पाहायलाही मागितलं नाही. मोठा टर्बो माझ्याच हातानं बसवला.

काल नव्या, वाहतुकीला अजून बंद असलेल्या रस्त्यावर अंकुरनं गाडी पळवून पाहिली. आधी सुस्त, मग एकदम असा जोर आला की पाहतापाहता रॉड तुटून इंजिन फोडून बाहेर. चाकांखाली तेल. गाडी दोनदा गरगरली अन् संत्र्याच्या बागेत घुसली. अंकुर वाचला, उजवा खांदा मोडला. दवाखान्यात आधार कार्ड मागितलं. त्याचं पाकीट उघडलं, तं तुमचं पत्र. ‘मधलाच बसवा.’ मी तिथंच फरशीवर बसले.

तुमची ऋतुजा

सौंसर, २ डिसेंबर

चि. ऋतुजास आशीर्वाद.

अजून खरं वाटून नाही राहिलं. माझ्या नावावर खोटं बोलला तो! रागानं त्याला चार पानं लिहिली, तेवढ्यात त्याचंच पत्र आलं. डाव्या हाताचं, वेडंवाकडं: ‘मामा, ताई डबा आणते, गोळ्या देते, पण एक शब्द बोलून नाही राहिली. तिले सांगा, मले शिव्या दे म्हणा.’

माझी चार पानं फाडून टाकली. रविवारी सकाळच्या बसनं येतो. पण पत्र आधी पोचलं तं माझी वाट पाहू नको, पोरी. जा, अन् पोटभर शिव्या दे त्याला.

तुम्हा दोघांचा मामा