खोकं आलं, सॅक आली

प्रिय भिंगरी,

आधी एवढं सांग, तू अजून त्याच खोलीत आहेस ना? हे विचारणं म्हणजे वेडेपणाच, कारण तू तिथे नसलीस तर हे पत्र तुझ्या हातात पडणारच नाही, आणि असलीस तर विचारायचं कारणच काय. पण गेला महिनाभर जिवाला तेवढा एकच घोर लागलाय, म्हणून पहिल्या ओळीतच विचारून टाकलं. आता पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. पाकिटावरचा पत्ता तुझ्या आईने घातलाय, ती तिकडची अक्षरं मला काढता येत नाहीत. काढायला गेले तर ओळीने काजं घातल्यासारखी दिसतात. पाकीट रिकामं असतानाच तिच्याकडून लिहून घेतलं आणि पत्र भरून मी स्वतः चिकटवणार आहे, तेव्हा आत काय आहे ते तुझ्यामाझ्यातच. मी तिसरीपर्यंत शिकलेली, ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नकोस. मी खूप खुशीत आहे. का ते शेवटी सांगेन. आणि भ्यालेलीही आहे, ते मात्र आत्ताच सांगते.

फोनवर का नाही बोलले म्हणशील. अगं, फोन लावायला तुझा बाबा लागतो, आणि फोन लावून दिला की तो पेपर उघडून तिथेच बसतो. पेपरचं पान काही उलटत नाही. तुझी आई स्वयंपाकघरातला नळ बंद करते, ऐकू यावं म्हणून. मग तू म्हणतेस, मजेत आहे आजी, आणि मी म्हणते, मीही मजेत आहे हो, आणि झालं बोलणं. अलीकडे तर तेही नाही. नुसते निरोप येतात, कामात आहे, नंतर बोलते. आणि अशात ते खोकं आलं.

खोकं आणणारा जिना चढून धापा टाकत होता. म्हणाला, आजी, यात दगड भरलेत का? म्हटलं, नाही रे, माझ्या नातीची वाचून झालेली पुस्तकं आहेत. तर म्हणतो, वाचून झालीत तर थोडी हलकी व्हायला नको होती का? मी एवढी हसले त्याला. पण दार लावल्यावर माझं हसू तिथेच राहिलं. तुला माहीत नसेल, आपल्या घरात तुझ्या खोक्याचा एक अर्थ ठरून गेलाय. खोकं आलं म्हणजे पत्ता गेला. तू एक गाव सोडून दुसऱ्या गावी निघालीस की वाचून झालेली पुस्तकं आमच्याकडे धाडतेस आणि पाठीवर ती एक सॅक घेऊन पुढे जातेस. लाँड्रीच्या वरची ती खोली, जिथे जमीन दिवसभर गरम असायची, तिथून एक खोकं आलं. ती उतरत्या छताची खोली, जिथे तू पलंगावरून उठताना रोज डोकं आपटून घ्यायचीस, तिथून आलं. शाळेत शिकवत होतीस तिथून, हॉटेलच्या काउंटरवर होतीस तिथून, आणि तो छापखाना, जिथे दुसऱ्यांनी लिहिलेल्या चुका शोधायचं काम होतं, तिथूनही. बाबाने कपाट करून घेतलं, ते भरलं. आता माझ्या पलंगाखाली आहेत. मी म्हणते लोकांना, माझ्याइतकी पुस्तकांवर झोपलेली बाई तुम्हाला सापडायची नाही.

मला ती वाचता येत नाहीत, पण मी ती बघते बरं का. प्रत्येकात तू खूण म्हणून काहीतरी घालतेस. बसचं तिकीट, केसांचा चाप, पावाच्या दुकानाची चिठ्ठी. एकदा चक्क माझ्या काजाच्या दोऱ्याचा तुकडा निघाला, हिरवा. आणि एक गोष्ट मी हेरून ठेवलीय. खूण कधीच शेवटच्या पानात नसते. थोडं राहिलेलं असतं. तुझं गावांचंही तसंच. त्या बेकरीवाल्या बाईने तुला आपल्या घराची किल्ली दिली, म्हणाली पोरी, कधीही ये, आणि तू किती आनंदाने सांगितलंस मला. मी बाबाला तेव्हाच म्हटलं, आता खोकं येणार. आलंच. कुणी तुला आपलं म्हणायला लागलं की तुझे पाय हलायला लागतात. तुला भिंगरी उगाच नाही म्हणत मी. रांगायला लागलीस तेव्हापासून एका चटईवर तुला बसवून दाखवलेला माणूस अजून मला भेटलेला नाही.

त्या वर्षीचा घोळ आठवतो? आम्ही सगळे तुझ्याकडे यायला निघालो होतो. पासपोर्ट काढले, माझा फोटो असा आला की पोलिसांनी धरून नेल्यासारखी दिसते. आणि निघायच्या आधी खोकं हजर. बाबा म्हणाला, गेली ही, आता कुठल्या दारावर जाऊन उभं राहायचं? त्याने जायचं रद्द केलं, त्या पत्त्यावर काही पाठवायचंही बंद केलं, आणि नवा पत्ता कधी कळतो म्हणून आम्ही वाट बघत बसलो. तुझा फोन तेव्हा बिघडलेला. आणि तू तिकडे त्याच खोलीत! छत गळत होतं म्हणून पुस्तकं वाचवायला पाठवलेली! तुला वाटलं आम्ही रागावून बोलणं टाकलं, आम्हाला वाटलं तू न सांगता निघून गेलीस. अख्खा पावसाळा दोन्हीकडे रुसवा, आणि रुसायला कारण काय तर एक गळकं छत. तेव्हापासून खोकं आलं की बाबा नुसता चष्मा पुसत बसतो.

या वेळी खोकं मीच उघडलं. वर पुस्तकं होती, ती नेहमीसारखीच. त्याखाली तुझे नकाशे, घडीवर घडी घालून. नकाशे तू कधी पाठवत नाहीस. आणि तळाशी तुझी सॅक. भिंगरे, जी सॅक तू उशाशी घेऊन झोपतेस, जिचा खांद्याचा पट्टा मी तीनदा शिवून दिलाय, जी कुणी उचलू लागलं तर तू फिस्कारतेस, ती सॅक धुऊन, वाळवून, घडी करून आलेली. तुझी आई म्हणाली, सासूबाई, ही आजारी तर नसेल? माणूस अशी वस्तू परत पाठवतं म्हणजे काय समजायचं? बाबा म्हणाला, काही नाही, नवी घेतली असेल मोठी, अजून लांब जायचं असेल. एवढं बोलला आणि चष्मा पुसायला लागला. मी आपली सॅक उचलून पलंगाखाली, पुस्तकांच्या शेजारी ठेवली. 

पुढचे दिवस कसे गेले विचारू नकोस. मला अजून टेलरकडून काजा-बटणांचं काम येतं, डोळे आहेत तोवर करायचं. त्या आठवड्यात एक शर्ट परत आला. टेलर म्हणाला, मावशी, हे काज आहे का दरवाजा? यातून बटण काय, बटणवालाही जाईल. मी म्हटलं, बाबा रे, माझी नात सापडेना झालीय, तुला काजाचं पडलंय. तो बिचारा वरमला, चहा सांगितला माझ्यासाठी. सगळं वाईट वाईट मनात येत होतं. तू पडली असशील, कुठे दवाखान्यात असशील, कुणी तुला फसवलं असेल. तुझ्या आईने दोनदा फोन लावला, तुझा निरोप आला, ठीक आहे, काळजी नको. काळजी नको म्हणून काय काळजी थांबते? ती काय नळ आहे?

मग मला ते बदकाचं पुस्तक आठवलं. मागे तुझा फोन आला होता, बाबा नेमका अंघोळीला गेलेला आणि आई बाजारात, तेव्हा तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, आजी, माझं बदकाचं पुस्तक आहे का गं अजून? असेल तर पाठव ना. मी म्हटलं, आहे, कुठे जाणार, एक कोपरा तू खाल्लेला आहेस. तू हसलीस, पण थोडं वेगळंच. मला वाटलं घरची आठवण येत असेल. इतकी वर्षं तू इकडे पुस्तकं पाठवतेस, एकही कधी मागितलं नाहीस, आणि मागितलंस ते हे, छत्री घेऊन फिरायला निघालेल्या बदकाचं. तू लहान असताना मला वाचायचा कंटाळा म्हणून चित्रं बघून मी रोज नवीनच काहीतरी सांगायची. बदक आज दाताच्या डॉक्टरकडे गेलं, आज त्याची छत्री हरवली. आणि शेवटचं पान आलं की तू दोन्ही हात पुस्तकावर ठेवायचीस. त्या पानावर बदक घरी पोचतं ना. ते पोचलं की गोष्ट संपते, म्हणून तू पोचूच द्यायची नाहीस. त्या दिवशी काढून बघितलं मी. बाकीची पानं मळून, फाटून गेलीत आणि ते शेवटचं पान कोरं करकरीत आहे.

ते पुस्तक ठेवायला म्हणून मी तुझी सॅक घेतली आणि उजेडात दारापाशी बसले, म्हटलं एखादी शिवण उसवली असेल तर घालून टाकू. आणि मग मी तिथेच हसायला लागले, एकटीच. आई बाहेर आली, म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही गं, दोरा सुईत गेला एकदाचा.

आता ऐक. तिकीट काढलंय मी. गल्लीतल्या ट्रॅव्हलवालीने सगळं करून दिलं, पासपोर्टवर तिकडचा शिक्काही मिळाला. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी तुझ्या गावी उतरते. बाबाला वाटतंय मी तुला परत घेऊन यायला चाललेय. जाताना नीट समजाव तिला, घेऊनच ये, असं दिवसातून चारदा सांगतो. मी मान डोलावते. मान डोलावली म्हणजे हो म्हटलं असं थोडंच आहे. त्या मोठ्या विमानतळावर हरवेन याची मला भीती नाही, मी कुणालाही विचारू शकते, भाषा येत नसली तरी. मला भीती एकच आहे, आणि ती मी पहिल्या ओळीत लिहिलीय. मी तुझ्या दारावर थाप मारायची आणि दार उघडायचं कुणा दुसऱ्यानेच.

म्हणून हे पत्र माझ्या आधी पाठवतेय, आणि काय बघून हसले तेही सांगते. तुझ्या सॅकच्या कमरेच्या पट्ट्याला जिथे इतकी वर्षं बक्कल बसायचं, तिथे कापड घासून पांढरं पडलंय. आणि बक्कल आता तिथे नाहीये. सरकत सरकत पार टोकाला गेलंय. मी मनाला सांगून पाहिलं, थंडीचा जाड कोट घालत असेल. पण खांद्याचे पट्टे होते तिथेच आहेत गं, आणि कोट काय कुणी नुसत्या पोटावर घालतं? मग नकाशे का आले, सॅक का आली, तेही कळलं. त्या एवढ्याशा खोलीत तू कोपरा रिकामा करते आहेस. आणि बदक कुणासाठी मागवलंस तेही. चुकले असेन तर मला हस पोटभर आणि चहा करून दे. पण मी चुकलेली नाही. त्याचा बाप कोण, जवळ आहे की नाही, मी काही विचारणार नाही. म्हणजे विचारीन, पण तिथे आल्यावर, आणि तू सांगितलंस तेवढंच ऐकीन. इथे मी कुणाला बोललेली नाही. मी उतरायच्या आधी तुझ्या आईला तू स्वतः सांग, ती रडेल आणि दुसऱ्या मिनिटाला झबली शिवायला घेईल. तुला भीती वाटत असणार, मला माहीत आहे. पाय हलायला लागले असतील. इतके दिवस धरून ठेवणारं काही आलं की तू निघायचीस, आता जे आलंय ते तुझ्यासोबतच निघेल, त्याला मागे ठेवून जाता येत नाही. म्हणून कुठे जाऊ नकोस. एवढा एक महिना थांब, बाळा, त्याच खोलीत, त्याच दाराच्या आत. पट्टा मी माझ्या मापाला आवळून घेतलाय. तुझीच सॅक पाठीला लावून येतेय, आत बदक आहे. शेवटचं पान तिथे बसून उलटू, तिघं मिळून.

तुझीच,
म्हातारपणी पायाला चाकं लागलेली,
आजी