प्रॉस्पर घ्यावं की लिअँडर

आये, तुझा नातू टेक्सासात घर घेतोय, आणि कुठल्या गावात घ्यायचं ते म्हणे मी सांगायचं. मी! बोईसरच्या दोन खोल्यांत जन्म काढलेली बाई. तू गेलीस तेव्हा तो पाळण्यात होता, आता त्याचे केस विरळ झालेत. त्याच्या कंपनीची ऑफिसं तिथल्या तीन मोठ्या शहरांत आहेत, कुठेही बस म्हणतात. म्हणून डॅलसच्या वरचं प्रॉस्पर, ह्यूस्टनच्या बाजूचं केटी आणि ऑस्टिनजवळचं लिअँडर अशी भराभर वाढणारी तीन गावं त्याने निवडली आहेत, आणि नवरा-बायको मिळून रोज फोनवर माझं डोकं खातात. शाळा कुठल्या चांगल्या, कर कुठे कमी, ऑफिस किती लांब. सगळं ऐकवून झालं की शेवटी म्हणतो, "आई, पप्पा गेल्यापासून तू एकटीच आहेस. आता कायमची इकडे ये. बोईसरचं घर विकून टाकू. तू बोट ठेवशील ते गाव." म्हणजे बघ, गाव त्याचं ठरायचंय आणि जन्म माझा हलायचाय.

उन्हाळ्यात मला तिकडे नेऊन त्याने तिन्ही गावं दाखवली. काय दाखवली डोंबल! प्रॉस्पर म्हणजे भरभराट. गावाचं नावच भरभराट ठेवल्यावर पुढे कोणी बोलायची सोयच नाही. काल तिथे गुरं चरत होती, आज विटांची घरं, सगळी एका तोंडवळ्याची, दारापुढे काठीला बांधलेलं एकेक मरतुकडं झाड. तिथली माती उन्हाने आकसते आणि घराला तडे जातात, म्हणून लोक घराच्या पायाला पाणी घालतात. देवाशपथ सांगते, नळी सोडून पाणी घालतात, आपण माडाला घालतो तसं. ज्या घराला उभं राहायला पाणी पाजावं लागतं ते घर घ्यायला माझा इंजिनियर मुलगा निघालाय! मी हसले तर सुनेला राग आला. "आई, तुम्ही शाळा बघा ना," म्हणाली. बघितली. शाळेचं खेळाचं मैदान एवढं थोरलं की ही पोरं अभ्यास कधी करतात हेच मला कळेना.

केटीत तर मी गाडीतून उतरलेच नाही. नुसतं सपाट. घरं दाखवणारी बाई पुढच्या सीटवरून गोड गोड बोलत होती, मोठ्या पुरात ह्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, पलीकडच्या गल्लीत आलं होतं. पलीकडची गल्ली म्हणजे इथून हाक मारली तर ओ देईल एवढ्यावर. दांडीच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या बाईला ही शिकवतेय पाणी कुठवर येतं ते! आणि लिअँडर म्हणजे टेकडी कापून, पांढऱ्या दगडावर बसवलेली घरं. तिथे गवताला पाणी ठरल्या वारीच घालायचं. गवत वाळलं की सोसायटी नोटीस देणार, आणि जास्त पाणी घातलं की पालिका दंड करणार. असली अक्कल. दोरीवर लुगडं वाळत घालायची चोरी. मी बोंबील वाळत घातले असते तर त्यांनी मला पहिल्या विमानात बसवून परत पाठवलं असतं.

तू म्हणशील, बोईसर मोठं सोन्याचं लागून गेलंय. कसलं काय! इथेही तोच मेला प्रकार चाललाय. पालघर जिल्ह्याचं गाव झालं आणि भातखाचरांतून टॉवर उगवले. वाणगावपर्यंत पाट्या लागल्यात, निसर्गाच्या कुशीत म्हणून. निसर्ग म्हणजे मागचा नाला, आणि वारा फिरला की कारखान्यांचा असा वास सुटतो की खिडक्या लावून बसावं लागतं. केळव्याला समुद्र बघायला येणाऱ्या मुंबईकरांना ह्यातच सेकंड होम खपवतात, आणि तेही घेतात! माणसं कुठलीही असोत, नवीन रंग दिसला की भुलतातच.

तू नाही भुललीस. मी शाळेत होते तेव्हा बोईसरला कारखाने येत होते, रोज नवी वस्ती उठत होती, आणि सुट्टी असली की तू मला मागोमाग चालवायचीस, मासळीचा धंदा कुठे लावायचा ते बघायला. तुझ्या डोक्यावर मांदेली-करंदीची भरलेली टोपली. मला ती साहेबांची कॉलनी आवडलेली, फाटक, बाग, झोपाळे. तू फाटकाच्या आत जाऊन उभी राहतेस. नुसती उभी. ओरडत नाहीस, हात वर करून टोपली धरलेली. भरली टोपली एकटीला उतरवता येत नाही, कोणीतरी दुसरा हात लावावाच लागतो. वरच्या गॅलरीतून एक बाई नाकाला पदर लावून म्हणते, "इधर नहीं, बास आती है." तू वळतेस. मग स्टेशनमागची चिखलातली चाळ. तिथे दारात तू थांबतेस न थांबतेस तोच पिठाने भरलेल्या हातांची एक घाटावरची बाई धावत येते, "अगं थांब थांब, मान मोडल तुझी," आणि टोपलीला हात लावते. पुढे सगळा जन्म तू त्याच चाळीत बसलीस. मी चिडून विचारलं होतं, कॉलनीतल्यांकडे पैसा नाही का जास्त? तू म्हणालीस, "घरं नको बगू, पोरी. माल खपंल नायतर नाय खपंल. टोपलीला हात कोन लावते, ता बग पयलं. आमाला तितंच बसाचा हाय."

आता हसू नकोस. मी तिकडे तेच केलं. दुकानातून आणलेली तांदळाची गोणी गाडीत होती. प्रॉस्परला ही दोघं घर बघायला आत शिरली, तशी मी ओढणीची चुंबळ केली, गोणी कशीबशी डोक्यावर घेतली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ऊन असं की डोळे उघडवेनात. एक गाडी आली, एका घराचं शटर आपोआप वर गेलं, गाडी आत गेली, शटर खाली. आतलं माणूस दिसलंच नाही. मग माझ्या मागच्या घराच्या दारावरची कॅमेऱ्याची घंटा माझ्याशी बोलायला लागली. इंग्रजीत विचारते, काही मदत हवी आहे का? मी म्हटलं, हो, हवी आहे. घंटा म्हणाली, बरं. आणि गप्प. कोणी बाहेर आलं नाही, मेलं! शेवटी मुलगाच धावत आला. "आई, हे काय करतेस, लोक पोलिसांना बोलावतील." लोक! कुठले लोक?

लिअँडरला मात्र हात लागला. गोणी डोक्यावर घेऊन उभी राहिले आणि समोरचं दार धाडकन उघडलं. माझ्याच वयाची एक तेलुगू बाई अनवाणी धावत आली, काही न विचारता गोणीला हात लावला, खाली घेतली. मी म्हटलं, आये, तुझं गाव सापडलं. पण तिने गोणी सोडल्यावर माझं मनगट धरलं ते सोडेचना. तिचं हिंदी मोडकं, माझंही मोडकं. ओढतच आत नेलं, कॉफी केली, तळमजल्यावरची आपली खोली दाखवली. पलंग, टीव्ही, फळीवर देव, आणि खिडकीबाहेर लाकडी कुंपण. खिडकीशी खुर्ची. "बेटा अच्छा है. बहू भी अच्छा है. सब अच्छा है," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती, मी काही विचारलेलं नसताना. मुलाने हॉर्न वाजवला तर गाडीमागून गल्लीच्या टोकापर्यंत तशीच अनवाणी आली, तापलेल्या रस्त्यावरून. "कब आओगे? पक्का बोलो, कब आओगे?"

मुलगा खूश. "बघ आई, आल्या आल्या मैत्रीण मिळाली तुला. मग लिअँडरच घेऊ." तुझ्या चाळीतली बाई पोळपाटावरची पोळी टाकून आली होती. तिच्या मागे पोरं रडत होती, चूल पेटलेली होती, तरी ती आली. ही खुर्चीत बसून कोणीतरी दिसायची वाट बघत होती. इतका वेळ मी सगळ्याला नावं ठेवत होते, त्या बाईला नाही ठेवू शकले. मला तिची भीती वाटली गं.

आज संध्याकाळी मुलाला फोन करून सांगितलं, प्रॉस्पर घे. दोघांचं मन तिथेच अडकलंय हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. सुनेची बहीण तिथे, शाळा तिथे. फक्त माझ्यासाठी ती दोघं लिअँडर घ्यायला निघाली होती. तो घराच्या पायाला पाणी पाजत बसेल जन्मभर, पण बसू दे. "नक्की ना, आई?" त्याने चारदा विचारलं. मग म्हणाला, खालची खोली तुझी, खिडकी पूर्वेला आहे. मी म्हटलं, पूर्वेलाच बरी, देव मांडता येतील.

मी जाणार नाही, आये. बोईसरचं घरही विकणार नाही. हे आता बोलले तर तो घरच घ्यायचा नाही, हट्टी आहे, तुझ्यावर गेलाय. सह्या होऊ देत, मग सांगेन. हे लिहिलेलं पोस्टात टाकायचं नाहीच, तुला वाचताही येत नव्हतं. मघाशी सुनेचा फोन आला, माझ्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घेऊ म्हणून. मी निळे सांगितले.