ओढलेला डावा पाय

सेंट हेलेना बेट
१९ फेब्रुवारी १९९०

प्रिय एर्नेस्टीनताई,

तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे सव्हाना शहरात थंडी ओसरली असेल. इथे कोळंबी महागली आहे, बाकी देवाची कृपा.

शनिवारी म्युझियममध्ये आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा सोहळा होता. गोष्टी झाल्या, गाणी झाली, मग देवाचं नाव घेत गोल फिरायचं ते आपलं रिंगण. म्हाताऱ्यांनी काठी आपटून ताल धरला आणि फिलाडेल्फियाहून बसनं आलेली पोरंही फेऱ्यात शिरली. मी त्यांचे पायच बघत बसले. पायावरून पाय गेला की तो नाच, आणि नाच म्हणजे पाप, हे तूच मला चिमटे काढून शिकवलंस.

एक पोरगी पाय ओलांडत नव्हती, पण डावा पाय दर वेळी जरा ओढत होती. असं फक्त आपला भाऊ लेम्युअल करायचा, त्याचा तो पाय आखूड म्हणून. हिचे तर दोन्ही धडधाकट!

"पाय का गं ओढतेस?"

"असंच करतात ना? आजोबांनी शिकवलंय."

"कोण तुझे आजोबा?"

"लेम्युअल. बाहेर बसमध्ये बसलेत. आत चला म्हटलं, तर म्हणतात, आता इथे माझं कोण आहे?"

तो खिडकीशी बसला होता. डोकं पांढरंफेक. मला बघून म्हणाला, "डेलिया? एवढी जाडी कधी झालीस गं?" आणि ढसाढसा रडला. ज्याच्या नावाच्या दगडापाशी आईनं, मेलेल्यासाठी ठेवतात तशी, त्याची जेवायची ताटली फोडून ठेवली, तो मला जाडी म्हणत होता!

ताई, त्याला बघायला गेलेली तू फिलाडेल्फियाहून काळे कपडे घालून परतलीस. लेम्युअल गेला, तिकडेच पुरला, म्हणालीस. आणि त्याला सांगून आलीस की आई गेली, आता घरी कुणी तुझं तोंड बघणार नाही. हे त्यानंच मला सांगितलं. तो क्लबात पियानो वाजवायचा, पाय ओलांडून नाचायचा, एवढ्यासाठी? मला अजून खरं वाटत नाही.

बस पोरांना घेऊन गेली, तो माझ्याकडे राहिलाय. माझा टोमॅटोचा लाल भात अगदी आईसारखा झालाय म्हणतो. तिच्या कबरीवर जायचं म्हणून मागे लागलाय. तिथे दगडावर ती गेली ते साल कोरलंय. तू परतल्यावर ती बारा वर्षं जगली, दर रविवारी ती फुटकी ताटली पुसत राहिली, हे त्याला ठाऊक नाही. चिखल आहे, रविवारी जाऊ, असं म्हणून मी त्याला थांबवलंय.

हे मी त्याला सांगणार नाही. तू ये आणि सांग.

तुझी, रविवारपर्यंत तरी तुझीच,
डेलिया