खारूविषयी घरच्यांचं मत

ता. ३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. वसतिगृहाच्या खोलीत चार खाटा आहेत आणि खिडकी एक. खिडकीजवळची खाट रिकामी होती, पण ती कुणाला हवी असेल म्हणून मी दाराजवळची घेतली. आता येणारी-जाणारी प्रत्येक जण माझ्या पायांना अडखळते आणि मीच तिची माफी मागते.

कवायतीचं काही खरं नाही. पंपहाऊसवरच्या आपल्या स्वयंपाकघरातल्या शाळेचा पट एकाचा. त्यामुळे रांगेत उभं राहण्याचं शिक्षण राहूनच गेलं. उजवीकडे वळायचा हुकूम आला की खात्री करून घ्यायला मी आधी शेजारणीकडे बघते. ती माझ्याकडे बघत असते. मग आम्ही दोघी नाकाला नाक लावून उभ्या. क्लास चालवणारे निवृत्त मेजरसाहेब म्हणाले, की रांगेत 'माफ करा' म्हणायची पद्धत त्यांनी तरी कुठल्या सैन्यात पाहिली नाही.

खरं संकट वेगळंच आहे. सैन्याच्या अधिकारी प्रशिक्षणाच्या निवडीत एक पेपर असतो. आईवडिलांचं, शिक्षकांचं आणि मित्रमैत्रिणींचं आपल्याविषयी काय मत आहे, ते लिहायचं. सरावाला बाकीच्या मुलींची पेनं भराभर चालली, माझं अडलं. माझे आईवडील आणि माझे शिक्षक ही तीच माणसं. मग एकच मत दोनदा लिहिणं ही फसवणूक नाही का? शिवाय तुम्हाला मी कधी विचारलेलंच नाही. न विचारता तुमच्या तोंडी शब्द कसे घालू? तेव्हा सगळ्यांना विचारून खरं ते कळव. भीडभाड नको. वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची संधी. एवढ्याशासाठी ती जायला नको.

उत्तर कडू आलं तरी लोभ गोडच राहावा.
तुझी,
खारू

ता. ९ जून

चि. खारूस,
अ. उ. आ.

संध्याकाळचा पंप बंद झाल्यावर तुझं पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. तुझ्याविषयी या घरात एवढी मतं तुंबली होती, याची मला कल्पना नव्हती. एरवी आमटीत मीठ कमी आहे का विचारलं तरी 'ठीक आहे' म्हणणारी ही माणसं.

आजोबा म्हणाले, हिचं गणित बरोबर येतं, पण बरोबर आलं याचाच हिला संशय येतो. मग खोडते. उत्तर बरोबर आणि वहीला भोक, अशी त्यांची नोंद आहे. तुझी आई म्हणाली, ही झोपायच्या आधी कडी तीनदा बघते आणि मग मला उठवून विचारते की मी नीट बघितली ना. इथवर ठीक होतं. पुढे तिनंच जोड दिली, की हा चिकित्सेचा रोग वडिलांच्या घराण्यातून आला. ते घराणं म्हणजे मीच समोर बसलेली. मी म्हटलं, आमच्याकडे चिकित्सा करतात, उठवत नाहीत. त्यानंतर जेवणं होईपर्यंत फक्त भांडी बोलत होती.

मैत्रिणींच्या रकान्यात कोण, हा प्रश्न पडला. शेवटी पोस्टमनकाकांना गाठलं. ते म्हणाले, हिच्या हातात हिचंच पत्र दिलं तरी ही विचारते, नक्की माझंच का.

आमचा दादा मात्र विचार करून सांगतो म्हणाला आणि पंपाला तेल द्यायला गेला. तुझे बाबा कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. माझं मत मीही राखून ठेवते. शिक्षिकेनं घाईत गुण देऊ नयेत.

खालच्या वसाहतीत बोलणं चालू आहे, की स्वयंपाकघरात शिकलेली पोर सैनिकांना काय हुकूम देणार. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. पण माझ्या चालीत फरक पडतो, खोटं कशाला बोलू.

पायांना तेल लावत जा. आमचा जीव तुझ्याकडे लागलेला आहे, तो सांभाळ.
तुझी,
आत्या

ता. १७ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सगळ्यांची मतं सुवाच्य अक्षरात उतरवून मेजरसाहेबांना दाखवली. ते इतके हसले, की मैदानावरची कवायत आपोआप थांबली. मग गंभीर होऊन म्हणाले, हे असंच लिहिलंस तर पहिल्याच दिवशी परत पाठवतील. माझ्या शेजारच्या खाटेवर एक बॉक्सर आहे. ती म्हणते, 'धाडसी, आनंदी आणि सर्वांत मिसळणारी' असं लिहून मोकळी हो; सगळ्या जणी तेच लिहितात. आत्या, मी आनंदी आहे का? परवा दुपारी होते, पण तेवढ्यावर लिहिता येईल का?

दुसरं दुखणं हुकूम देण्याचं. काल सराव होता. दोन पिंपं, एक फळी, मधली जमीन म्हणजे पाणी समजायचं आणि दोन मदतनीस मुलींना घेऊन पलीकडे जायचं. प्रमुख मी. फळी कुठे ठेवलेली आवडेल, असं मी दोघींना विचारलं. दोघींना वेगवेगळ्या जागा आवडल्या. कुणाचं मन मोडू नये म्हणून मी मधला मार्ग सुचवला, तो पाण्यात होता. शिट्टी झाली तेव्हा आम्ही तिघी एकाच पिंपावर बसून होतो, संबंध मात्र अतिशय चांगले होते. मेजरसाहेब म्हणाले, याला नेतृत्व म्हणत नाहीत, याला सहल म्हणतात.

निवडीला बावीसला हजर व्हायचं आहे. बॉक्सर सांगते तसं लिहू की खरं लिहू? तू सांगशील तसं करीन.

माझ्या प्रश्नांचा कंटाळा येईल, पण माझा येऊ नये.
तुझी,
खारू

ता. १९ जून

चि. खारूस,
अ. उ. आ.

मी काही सांगणार नाही. खरं लिहायचं की खोटं, हे या टेबलावर शिकलेल्या मुलीनं मला विचारावं, याचंच मला हसू येतं आणि थोडा रागही. उत्तर तुला येतं. तुला ते फक्त माझ्या चेहऱ्यावर बघायचं असतं, आणि चेहरा काही पाकिटात घालता येत नाही. हेच माझं मत. शिक्षकांच्या रकान्यात लिही किंवा लिहू नकोस.

दादानं तोंड उघडलं. त्यानं आठवण काढली ती पाइप फुटला त्या दुपारची. तो दात काढायला खाली दवाखान्यात गेला होता, पाणी मोटारीच्या खोलीत शिरायला लागलं होतं आणि घरात आम्ही सगळे ओरडत होतो. तू पंप बंद केलास, व्हॉल्व्हचं चाक फिरवलंस आणि मग धावत दवाखान्यात जाऊन बाबांना विचारलंस, की पंप बंद करू का. त्याचा जबडा डॉक्टरांच्या हातात, तो काय सांगणार.

तुझ्या बाबांचं मत एका वाक्याचं आहे. दोनदा म्हणवून घेऊन लिहिते आहे: "हिला विचारायला वेळ मिळाला नाही, की ही बरोबर करते."

यापुढे निकाल लागेपर्यंत तुझ्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. माया चालू राहील, सल्ला बंद.
तुझी,
आत्या

ता. २७ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शेवटचं आधी सांगते, म्हणजे तुला पत्र उलटं वाचावं लागणार नाही. माझी निवड झाली. डॉक्टरांची तपासणीही झाली. नंबर वाचून दाखवला तेव्हा मी उठले नाही. तोच नंबर चुकून आणखी कुणाला दिला असेल असं वाटलं. शेजारच्या मुलीनं कोपर मारलं तेव्हा उभी राहिले.

पेपरात सगळं खरं लिहिलं. आजोबांचं भोक, आईची कडी, पोस्टमनकाका, तुझा चेहरा आणि शेवटी बाबांचं वाक्य. आईच्या मताला तुझी हरकत होती, ती समासात नोंदवली, कारण एकच बाजू देणं न्यायाला धरून झालं नसतं. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. आज सकाळी खोलीची कडी किती वेळा बघितलीस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोनदा. तिसऱ्यांदा जाताना तिथे झालेल्या मैत्रिणीनं दंड धरून ओढलं. ते बराच वेळ खोकत राहिले.

मग मैदानावर पिंपं आणि फळी पुन्हा समोर आली, सोबत एक दोर. या वेळी दोन मदतनीस मुलगे होते, दोघेही माझ्याहून हातभर उंच. मी तोंड उघडलं ते त्यांना कसं सोयीचं पडेल हे विचारायलाच. तेवढ्यात मैदानावरच्या साहेबांनी फळी काढून घेतली आणि म्हणाले, वेळही निम्मा. मला काय झालं कळलं नाही. एकाला म्हटलं दोर बांध, दुसऱ्याला म्हटलं तू आधी, आणि स्वतः शेवटी गेले. आवाज कुणाचा तरी दुसऱ्याचाच वाटला. थोडा तुझा, पाढे म्हणवून घेतानाचा. दोघांनी ऐकलं, हे मला अजून नवल वाटतं. पलीकडे उतरल्यावर मी साहेबांकडे जाऊन विचारलं, की बरोबर झालं का. ते म्हणाले, ते सांगायची मला परवानगी नाही.

प्रशिक्षणाला पुढच्या महिन्यात निघायचं. त्याआधी आठ दिवस घरी येते. येऊ का, असं विचारत नाहीये.

आजवर केलास तसाच, किंबहुना काकणभर जास्त लोभ करावास.
तुझी,
खारू

ता. १ जुलै

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आजोबांनी तारीख तपासली, तुझ्या आईनं शाई. खरं आहे अशी खात्री झाल्यावर दोघं रडली. तुझी आई आता म्हणते, की धाडस तिच्या माहेरचं. मी वाद घातला नाही. एकदाच मिळतं असं यश, त्यात सगळ्यांना हात धुऊ दे. दादानं दुपारचा पंप वीस मिनिटं उशिरा सोडला. वसाहतीत पाणी आलं नाही म्हणून लोक वर चढून आले, तेव्हा त्यानं तक्रार ऐकायच्या आधी प्रत्येकाला तुझी बातमी दिली. स्वयंपाकघरात शिकलेली पोर, असं आता तीच माणसं कौतुकानं म्हणतात. शब्दसुद्धा बदललेले नाहीत.

आज सकाळी टेबल पुसलं. तू बसायचीस त्या बाजूला बसून पाहिलं. समोर माझी खुर्ची, तीवर कुणी नाही. खरंच, उत्तर बघायला समोर चेहरा नसला की अवघड आहे तिथे बसणं.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. त्यात माझ्यासाठी एकही प्रश्न नाही. हेच तर हवं होतं, म्हणून मी स्वतःला शाबासकी दिली, आणि मग दिवसभर काही सुचलं नाही. तेव्हा लोभ आहेच, तो वाढत राहू दे. पण तिथे गेल्यावर अधूनमधून एखादा प्रश्नही पाठवत जा. उत्तर तुला आधीच ठाऊक असलेला चालेल.
तुझी,
आत्या