लाइनीकाठची बांधी

मी, इंद्रकुमार केवळराम फुंडे, वय चोवीस, शिक्षण सातवी, मूळ राहणार तालुका सालेकसा, जिल्हा गोंदिया, सध्या मुक्काम हैदराबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, न पिता आणि कोणी मागे उभं नसताना लिहून ठेवतो. सोमवारी माझ्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, लहान आहे. माझंही काम लहानच असते, तरी त्यात चुका होतात.

माझा धंदा असा. श्रीमंत लोकांच्या घरी खेळण्यातली रेल्वे असते, तिच्या बाजूचं गाव मी बनवतो. झाडं, गाई, फाटक, फाटकावर थांबलेली माणसं. माणूस बोटाच्या पेराएवढा. याआधी वीटभट्टी, टाइल्स, पाणीपुरीचा ठेला असे उद्योग केले आणि सोडले. हा टिकला. काऊन टिकला, ते मला माहीत नाही.

कलम १. माझे चिमटे, कातर, बारीक ब्रश आणि भिंग तिरोड्याच्या हिमांशूला द्यावे. तो माझ्या खोलीत राहतो आणि हे सगळं तसंही न विचारता वापरतो.

कलम २. मोबाइल कोणालाच देऊ नये. फोडावा.

कलम ३. ज्यांच्याकडे मी हे काम करतो, त्या शेठवर माझा राग आहे. मी मोहाची झाडं बनवली, फुलं गळायच्या दिवसातली, म्हणजे बिनपानाची. शेठ म्हणाले, झाडं मेलेली दिसतात, आणि त्यावर हिरवा भुसा चिकटवायला लावला. हा राग मी कोणाच्या नावे करत नाही. माझ्यासोबत जाऊ द्यावा.

कलम ४. उरलेल्या मालातून मी फळीवर आमच्या गावचा एक तुकडा बनवला आहे. रूळ, शेताच्या कडेचा धुरा, आमची बांधी म्हणजे धानाचं खाचर, त्यात रोवणीच्या बाया. परे, म्हणजे धानाची रोपं, टूथब्रशच्या केसांचे, चिखल वाळून घट्ट होणाऱ्या रेझिनचा. हा तुकडा मोठा भाऊ देवानंद याला द्यावा. कारण खाली येते.

कलम ५. खरी बांधी. रेल्वे लाइनीला लागून आहे. आजा उदाराम यांनी ती माझ्या नावे केली, कारण मी धुऱ्यावर बसून मालगाड्या पाहायचो आणि त्यांना वाटलं, पोराचं शेतीत मन आहे. मी गेलो तो परतलो नाही. रोवणी, निंदण, कापणी लहान बहीण रीता करते. देवानंदभाऊ गोंदियाला दुकान चालवतो आणि बांधी गोदामवाल्याला विकायची म्हणतो. विक्रीचा कागद त्यानं मला पाठवला, माझी सही तेवढी बाकी होती. रीता लग्न होऊन जाईल, तिले कायले बांधी, असं त्याचं म्हणणं. माझंही तेच होतं. हे मृत्युपत्र मी आधी एकदा लिहिलं, त्यात बांधी भाऊचीच होती.

मग त्या तुकड्याचा फोटो दोघांना पाठवला. भाऊनं विचारलं, हे बिकते का. रीताचा फोन आला. तब्येत कशी आहे, हेही विचारलं नाही. म्हणाली, "भाऊ, तुह्या बाया समोर चालून राहिल्या. आपलेच रोवलेले परे तुडवून राहिल्या. रोवताना मांगं मांगं सरका लागते, भुलला का?"

मी म्हणालो, एवढं बारीक कोणाला दिसते.

"मले दिसते," ती म्हणाली. "माह्या पायाखालची बांधी आहे थे."

मी सगळ्या बाया चिमट्यानं उपटून उलट्या दिशेला तोंड करून लावल्या. त्यातल्या दोघींचे पाय तुटून रेझिनमध्येच राहिले, ते निघत नाहीत.

तर बांधी रीताची. लग्न झालं तरी तिची, न झालं तरी तिची. रोवायची की विकायची, ते तिनं ठरवावं. भाऊनं धुऱ्यावर उभं राहून सल्ला देऊ नये. फळीवरचा तुकडा त्यानं खुशाल विकावा.

कलम ६. ऑपरेशनमधून मी वाचलो तर वरचं सगळं रद्द समजावं. कलम ५ सोडून. जिवंत माणसाचं मृत्युपत्र चालत नाही म्हणतात, म्हणून सुटी मिळाली की गावी येऊन रीताच्या नावे बक्षीसपत्र करून देतो. भाऊ, तुझा कागद सही न करता परत पाठवला आहे. रीताला अजून सांगितलेलं नाही. रोवणी चालू आहे, ती फोन उचलत नाही.

सही: इंद्रकुमार के. फुंडे

साक्षीदार (हिमांशूला माल मिळतो म्हणून त्याला घेतलं नाही, तो रुसला आहे):
१. पुष्पाबाई, मेसवाली, मूळ सडक अर्जुनी. वाचून घेतलं, मग सही केली.
२. बकाराम, चौकीदार. न वाचता सही केली.

ठिकाण: हैदराबाद
दिनांक: १९ जुलै २०२५