नायिकेची तहान

३ जानेवारी, सकाळ.
कादंबरीला आजपासून सुरुवात. रोज दोन पानं, म्हणजे जूनमध्ये पुस्तक. प्रेमकथाच. नायिकेच्या किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नायक पहाडासारखा पाठीशी. हा विषय म्हणजे माझ्या हातचा मळ, बायकोच्या आजारपणाची सहा वर्षं काढली आहेत. हिला जाऊन आठ महिने झाले. मी पूर्ण सावरलो आहे. लिफ्ट कंपनीत वीस वर्षं तक्रारींना उत्तरं लिहितोय, तेव्हा शैलीचा प्रश्नच नाही.

९ जानेवारी.
दोन पानांऐवजी दोन ओळी. पण कसदार. पेन बदलणे.
दुपारी स्वयंपाकघरातून बर्फ चावल्याचा आवाज. कुडुम, कुडुम. हिला ती सवय होती. जाऊन पाहिलं, कोणी नाही. फ्रिज जुना झालाय.

१४ जानेवारी.
मेकॅनिक आला. फ्रिज ठणठणीत आहे म्हणतो. त्याला काही कळत नाही.
पहिलं प्रकरण संपलं. नायक तिचा हात धरून चार तास मशीनशेजारी बसतो. लिहिताना मलाच भरून आलं. मी स्वतः कधी वर सेंटरमध्ये जात नसे, त्या वासाने मला मळमळतं. खाली गाडीत बसायचो. बसणं ते बसणंच.

२ फेब्रुवारी.
तीन प्रकरणं मेहुणीला दिली. हिची धाकटी बहीण, शाळेत शिकवते. कौतुक झालं तर चेहरा नम्र ठेवणे.

५ फेब्रुवारी.
मेहुणीचा फोन. म्हणाली, भावोजी, तुमची बाई तिसऱ्या प्रकरणात तीन ग्लास ज्यूस पिते, वर कलिंगड खाते. मरेल हो ती. मी म्हटलं, प्रेमात तहान लागते.
मग ती म्हणाली, ताईला दिवसाला जेमतेम चार कप पाणी चालायचं, गोळ्यांचं धरून. घसा अगदी कोरडा पडला की बर्फाचा खडा तोंडात टाकायची. तुम्हाला ठाऊक नव्हतं?
ठाऊक होतंच. कादंबरीत थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं, असं सांगून फोन ठेवला.
आवाज पुन्हा सुरू. कुडुम, कुडुम. कान तपासून घेणे.

६ फेब्रुवारी.
ज्यूस काढला. कलिंगड काढलं. नायिका आता काही खात-पीत नाही. मेहुणीने समासात लाल पेनाने लिहिलंय, ‘ही बोलते काय?’
ही काय बोलायची? ‘गाडी सावलीत लावा.’ आणखी? उद्या आठवेल.

११ फेब्रुवारी.
नाही आठवलं. म्हणून संशोधन करायचं ठरवलं. शनिवारी डायलिसिस सेंटरला जाणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार.
फाटकापर्यंत जाऊन आलो. वातावरण टिपलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार.
वर गेलो. तिसरा मजला. सिस्टरने विचारलं, कोणाचे तुम्ही? हिचं नाव सांगितलं. तिने हातातला ट्रे खाली ठेवला.
“म्हणजे तुम्ही खरंच आहात!”
मॅडम दर वेळी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवायच्या म्हणे. कोणी बसायला आलं की सांगायच्या, मिस्टर गाडी लावून येतायत. सहा वर्षं. बाकीचे पेशंट चेष्टा करायचे, पार्किंग कुठं, शेजारच्या गावात मिळतं का? हीपण हसायची.
मी विचारलं, ती बोलायची काय?
“तुमच्याबद्दलच की. तुम्ही पाणी कपाने मोजून देता. त्यांना एकटं वाटू नये म्हणून स्वतःही तेवढंच पिता. रोज सकाळी त्यांचं वजन लिहून ठेवता. पाय दुखले की पायाशी बसून पुस्तक वाचून दाखवता. आम्ही सगळ्याजणी म्हणायचो, नवरा असावा तर असा.”
यातलं मी एकही केलेलं नाही.
सिस्टरने मला पाणी दिलं. पिता आलं नाही.

२२ फेब्रुवारी.
कादंबरी बंद. ती तर ही आधीच रचून गेली. माझ्यापेक्षा बरी रचली.
एक ठराव, शेवटचा. उद्या जाऊन सिस्टरला सगळं खरं सांगणे. शब्द मनाशी जुळवले आहेत. तीनच वाक्यं आहेत.

२३ फेब्रुवारी, दुपार.
गेलो. तोंड उघडणार, इतक्यात सिस्टरने मला दंडाला धरून एका खाटेपाशी नेलं. तिथे विशीतली एक मुलगी, पहिल्याच आठवड्यातली, आणि तिचा घाबरलेला नवरा. सिस्टर त्याला म्हणाली, मी सांगत होते ना, तेच हे काका. यांच्याकडून शिक.
त्याने लगेच वही काढली. काका, पाणी नक्की कसं मोजायचं?
मी अर्धा तास बोललो. कपाबद्दल, वजनाबद्दल, वाचून दाखवण्याबद्दल. मुलगी एकटक माझ्याकडे बघत होती. त्याने विचारलं, कंटाळा नाही का आला कधी? मी म्हटलं, कधीच नाही.
ती तीन वाक्यं राहिली. पण तो इतक्या सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून घेत होता, त्याला मध्येच थांबवणं बरं दिसेना.