हिच्या कानातली बंद भाषा

४ मार्च
हिच्या कानाची मशीनं क्लिनिकमधून तशीच परत आणली. तिथल्या ताई म्हणाल्या, मशीनं ठणठणीत आहेत, पण ती जुळवायचा प्रोग्रामच कंपनीने बंद केलाय. नवी जोडी घ्या.
आमचीच कंपनी! मी निवृत्त झाल्यावर एका मोठ्या कंपनीने गिळली. सव्वीस वर्षं तिथे काढली मी. ताईंना हे सांगितलं नाही.

५ मार्च
नवी जोडी घालून बघायला दिली होती. हिने दहा मिनिटांत काढून ठेवली. लेकीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो म्हणे. जुन्यात लेक लेकीसारखी वाटते, पण अलीकडे निम्मे शब्द गळतात. थोडं जुळवून घ्यायचं, बस. दहा मिनिटांचं काम — आणि करता येत नाही.

८ मार्च
नवी जोडी परत द्यायला गेलो, तर ताईंनी हळूच एक चिठ्ठी दिली. मी दिली म्हणून सांगू नका म्हणाल्या. एका प्रोग्रामचं नाव होतं — फुकट मिळणारा, कुणीही उघडून वाचावा, दुरुस्त करावा असा. लेकीने नेटवर शोधून दिला. लिहिणाऱ्यांची यादी होती. पहिलंच नाव मास्तरचं.

९ मार्च
दिवसभर मास्तरबरोबरच्या समितीचे दिवस डोळ्यांसमोर.
मास्तर कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायचा. समितीत आम्ही पाच जण. कानाचं मशीन आणि कॉम्प्युटर एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलणार, ते सगळ्या कंपन्यांसाठी ठरवायचं होतं. दोन वर्षं, दर गुरुवारी. लांब टेबल, गार झालेला चहा. खोलीत फळा नव्हता, म्हणून मास्तर लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने आकृत्या काढायचा. शिपाई पुसता पुसता पुटपुटायचा. बैठक संपली की आम्ही दोघं बसस्टॉपपर्यंत भांडत जायचो, आणि भांडण संपलं नाही म्हणून आलेली बस सोडून द्यायचो. तसं मनसोक्त पुन्हा कुणाशी भांडलो नाही.
तो म्हणायचा, भाषा उघडी ठेवा. मी म्हणायचो, जे सगळ्यांचं त्याची जबाबदारी कुणाचीच नसते. आणि ही कानात घालायची वस्तू आहे, खेळणं नाही. एकदा तो थांबून म्हणाला, "माझं चुकलं तर कुणीही बोट ठेवेल. तुमचं चुकलं तर कळणार कुणाला?"
ते मला पटलं. खरंच पटलं. मत तुलाच देईन म्हणून शब्द दिला.
मग मतदानाच्या आदल्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. पुढच्या वर्षी मीच विभागप्रमुख होणार, एवढंच बोलता बोलता सांगितलं.
तीन विरुद्ध दोन. कंपनीची बंद भाषा मंजूर. तिसरा हात माझा.
मास्तरने खडू खिशात टाकला आणि निघून गेला. एकवीस वर्षं झाली त्याला.

१३ मार्च
चार दिवस त्याचा प्रोग्राम वाचतोय. विश्वास ठेवायचा तर डोळे उघडे ठेवून. एका ठिकाणी आवाजाची कमाल मर्यादा चुकीची सापडली! नाव न घालता कळवलं. संध्याकाळपर्यंत दुरुस्त, खाली आभाराची ओळ. आमच्याकडे याला चार सह्या आणि सहा महिने लागले असते.
एक मात्र उमगत नाही. आमची बंद भाषा यात जशीच्या तशी आहे. यांना कळली कशी?

१७ मार्च
हिला घेऊन मास्तरकडे गेलो. शाळेमागच्या दोन खोल्या. दार त्यानेच उघडलं, म्हणाला, "ये. चपला असू देत." केस पांढरे, बोटं तशीच खडूने माखलेली.
हिची मशीनं जुळवली. खरंच दहा मिनिटं. हिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुमचा आवाज थकलाय हो. मला कळलंच नव्हतं."
नंतर ही मुलांचा वर्ग बघायला गेली तेव्हा मास्तर बोलला. मतदानानंतर महिन्याभरात त्याला एक जाड पाकीट आलं होतं, पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं. आत आमच्या भाषेचे सगळे तक्ते, झेरॉक्स काढलेले. सगळं काम त्यावरच उभं राहिलं.
"त्याच दिवशी तुला माफ केलं. भेटायला आलो नाही, कारण तुझी नोकरी गेली असती."
माझा हात दाबून धरला त्याने. मी पाठवलं नव्हतं. आणि मी नाही म्हणालो नाही.

१८ मार्च
ही खुशीत आहे. लेकीशी फोनवर तासभर. मला जेवण जात नाही.

२० मार्च
एकटाच गेलो मास्तरकडे. सांगून टाकलं — ते मी नव्हे. माझी तेवढी छाती नव्हती. तक्त्यांची फाइल माझ्या बॅगेत असायची, घरी यायची, परत जायची, एवढंच.
मास्तर उठला. मग त्याने चहा टाकला. दोन कप. म्हणाला, "बस. पण मग कोण?"

२१ मार्च
हिला सगळं सांगितलं. साहेबांची केबिनसुद्धा. ही भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "मास्तरला दिलेला शब्द मला ठाऊक होता, कुणीतरी पाळायला हवा होता. तुम्ही मतदानानंतर दौऱ्यावर गेलात ना, तेव्हा फाइल घरीच होती. माझ्या ऑफिसात नेऊन मी झेरॉक्स काढली. पाकीट जड होतं, म्हणून दोन तिकिटं जास्तीची लावली."